शेंगदाण्याचं साल काढायचं यंत्र घेताना



प्रभागसंघाच्या बैठकीत हा विषय आता तिसऱ्यांदा निघाला, तेव्हा अध्यक्षताई म्हणाल्या, "एकदा लिहूनच काढा, म्हणजे प्रत्येक गटाला वेगळं सांगायला नको." म्हणून हा लेख.

चिक्की, शेंगदाण्याची चटणी, लाडू, कूट करणारे गट आपल्याकडे वाढलेत. आणि सगळ्यांचं गाडं एकाच जागी अडतं, ते म्हणजे भाजलेल्या दाण्यांची सालं काढणं. गोणपाटावर दाणे चोळून तळहात सोलवटतात, सुपाने पाखडताना फोलपटं नाकातोंडात जातात, आणि दिवाळीच्या किंवा संक्रांतीच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली की चार-चार बायका रात्रीपर्यंत तेवढंच करत बसतात. मग कुणीतरी म्हणतं, मशीन घेऊ या. म्हणणं बरोबरच आहे. पण मशीन आलं आणि कोपऱ्यात पोतं टाकून झाकून ठेवलं, असंही होतं. आमच्या गटात झालं होतं.

आम्ही एका प्रदर्शनात मशीन पाहिलं. "तासाला २०० किलो" असं पाटीवर लिहिलेलं. विकणाऱ्याने त्याच्याजवळचे दाणे टाकून दाखवले, खाली पांढरेशुभ्र दाणे पडले, आम्ही खूष. घरी आणल्यावर कळलं की त्याची मोटर थ्री फेजची आहे आणि आमच्या शेडला सिंगल फेज. ती सोय झाल्यावर दुसरं कळलं, आमची भाजणीच तासाला १५ ते २० किलोची, मग २०० किलोचं मशीन करणार काय? आणि तिसरं म्हणजे आमच्या भागातला दाणा बारीक, मशीन लावलेलं मोठ्या दाण्यावर. निम्मा माल सालीसकट खाली. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू. शेवटी तोट्यात विकून दुसरं घेतलं. ते घेताना जे केलं ते आधीच केलं असतं तर बरं झालं असतं. तेच पुढे सांगते.

आधी नेमकं काय हवं ते बोला

फोन लावून "शेंगदाणे सोलायचं मशीन आहे का?" असं विचारलंत, तर समोरचा तीन वेगवेगळ्या मशीनपैकी कुठलंही दाखवेल. तिन्हींना लोक सोलायचंच मशीन म्हणतात.

पहिलं म्हणजे शेंगा फोडणी यंत्र. हे शेंगेचं टरफल काढतं, दाण्यावरचं लाल साल काढत नाही. हाताने दांडा मारायचंही मिळतं, मोटरचंही मिळतं. शेंगेच्या वजनात टरफल साधारण २५ ते ३० टक्के असतं, म्हणजे १०० किलो वाळलेल्या शेंगांतून ७० किलोच्या आसपास दाणे मिळतात. ज्यांच्या शेतात शेंग आहे त्या गटाला हे उपयोगी. बाजारातून दाणेच आणता, तर याची गरज नाही.

दुसरं, कोरडं साल काढणी यंत्र. भाजून गार केलेले दाणे वरच्या नरसाळ्यातून टाकायचे. ते फिरणाऱ्या रोलरच्या आणि बाजूच्या पट्टीच्या फटीतून घासत जातात, साल सुटतं, पंखा ते साल ओढून बाहेर फेकतो आणि हलत्या चाळणीवरून दाणे पुढे येतात. काहींचे रोलर खरखरीत असतात, काहींचे रबराचे. चिक्की, चटणी, कूट, लाडू, पीनट बटर या सगळ्यांना हेच मशीन लागतं. यात दाण्याच्या बऱ्याच पाकळ्या होतात, हे आधीच मनात धरा.

तिसरं, ओलं साल काढणी यंत्र. दाणे गरम पाण्यात भिजवून रबरी रोलरमधून सोडायचे, बदामाची सालंही त्याच पद्धतीने काढतात. यात दाणा कच्चा, पांढरा आणि बहुतेक अख्खा राहतो. तळून मसाला लावायचे पांढरे दाणे करायचे असतील तर हे. पण मग ओले दाणे लगेच आणि नीट वाळवले पाहिजेत, नाहीतर बुरशी धरतात. पावसाळ्यात वाळवणीची सोय नसलेल्या गटाने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणीही स्वच्छच हवं.

तर आधी गटात बसून ठरवा की आपण विकणार काय. चिक्कीवाल्यांना पाकळी चालते, खरं तर पाकळीच हवी असते, कारण गुळात ती एकसारखी बसते. कूट आणि चटणीवाल्यांना दाणा तुटला तरी दुःख नाही, आणि थोडं साल राहिलं तर आपल्याकडच्या कुटात कुणी नाक मुरडत नाही. पीनट बटरवाल्यांना मात्र साल पूर्ण निघायला हवं, राहिलं की लाल ठिपके दिसतात आणि चव तुरट लागते. शिवाय दाण्याच्या टोकाला जो बारीक कोंब असतो तो कडवट लागतो. पाकळ्या करून तो कोंब वेगळा काढणारी मशीनही मिळतात, पण त्याचे जास्तीचे पैसे चिक्कीच्या गटाने कशाला द्यायचे?

तासाला किती किलो?

मशीनवर लिहिलेला आकडा मशीन न थांबता, एकसारखा माल मिळत राहिला तर येणारा असतो. आपल्याकडे तसं चालत नाही. आपल्या कामाचा वेग भाजणीवर ठरतो.

हिशेब असा मांडा. समजा तुमच्या गटाला रोज ४० किलो दाणे लागतात. भाजायला गॅसवरचा फिरणारा ड्रम आहे, त्यात एका घाण्याला १० किलो बसतात, भरणं-काढणं धरून अर्धा तास लागतो. म्हणजे तासाला २० किलो, चाळीस किलोला दोन तास. मग दाणे गार व्हायचे. अशा गटाला तासाला ४०–५० किलो काढणारं लहान मशीन भरपूर झालं, कारण सगळा माल तासाभरात निघतो. १०० किलोचं घेतलंत तर ते २५ मिनिटं चालेल आणि दिवसभर बसून राहील. भाजणी जर अजून कढईत आणि उलथन्याने होत असेल, तर मी म्हणेन आधी पैसे भाजणीच्या ड्रममध्ये घाला. साल निघणं हे निम्मं भाजणीवर आहे. कढईत काही दाणे करपतात, काही कच्चे राहतात. कच्च्याचं साल कुठलंही मशीन काढत नाही, आणि करपलेला दाणा मशीनमध्ये चुरा होतो.

गार करण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चूक इथेच होते. गरम दाणा मऊ असतो, त्याला तेल सुटलेलं असतं. तो रोलरमध्ये गेला की दबतो, तेल रोलरला लागतं, सालं त्यावर चिकटतात आणि मशीन "काम करत नाही" असं होतं. म्हणून पातळ थर पसरून, खाली-वर करून, पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या. ढीग घातला तर आत ऊब राहते आणि आतला दाणा आणखी भाजत राहतो. उलट बाजूने, भाजलेले दाणे पावसाळ्यात रात्रभर उघडे ठेवले तर हवेतला ओलावा धरतात आणि साल चिवट होतं. भाजले त्याच दिवशी साल काढलेलं बरं. खूण सोपी आहे: वेगवेगळ्या जागचे पाच-सहा दाणे उचलून बोटांत चोळा. साल सरकून सुटलं तर माल मशीनला तयार.

चाचणी स्वतःच्या दाण्यावर

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. विकणाऱ्याच्या दाण्यावर मशीन बघू नका, आपले दाणे घेऊन जा.

दाण्या-दाण्यात फरक असतो. व्यापाऱ्याकडे बोल्ड आणि जावा अशी नावं ऐकली असतील. बोल्ड लांबट आणि मोठा, जावा गोलसर आणि लहान. त्यातही ५०-६०, ६०-७०, ८०-९० असा काउंट सांगतात, म्हणजे एका औंसात, साधारण २८ ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात तो आकडा. आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. मशीनची फट ५०-६० काउंटवर लावली असेल तर ८०-९० चा दाणा न घासता तसाच खाली पडतो. बारीक दाण्यावर लावली तर मोठा दाणा चिरडतो. आपल्याकडे शेतावरून आलेला माल मिसळलेला असतो, म्हणून भाजायच्या आधीच चाळणीने लहान-मोठा वेगळा करा. बारीक दाणा लवकर भाजतो, मोठा उशिरा, तोही प्रश्न त्याने सुटतो.

मशीन बघायला जाताना आपण नेहमी वापरतो तेच, आपणच भाजलेले १० किलो दाणे हवाबंद डब्यात न्या. वजनकाटा सोबत घ्या. दोघी-तिघी जा, एकटीने जाऊ नका. फक्त अध्यक्ष-सचिव नकोत, जी बाई रोज मशीनवर बसणार आहे ती बरोबर हवीच. मशीन आधी रिकामं करून घ्या, आत आधीचा माल नको. मग १० किलो सोडा आणि खाली येणारा प्रत्येक भाग वेगळा तोला.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा अख्खे दाणे २ किलो १०० ग्रॅम निघाले, पाकळ्या ६ किलो २००, चुरा ७००, साल न निघालेले ४००, आणि पंख्याच्या पोत्यात ४५० ग्रॅम. बेरीज ९ किलो ८५०. म्हणजे १५० ग्रॅम कुठेतरी मशीनमध्ये अडकले किंवा धूळ होऊन उडाले.

आता पोत्यातल्या ४५० ग्रॅमकडे बघा. दाण्यावरचं साल वजनाला साधारण अडीच-तीन टक्केच असतं. १० किलोत फार तर ३०० ग्रॅम. मग बाकीचे १५० ग्रॅम काय? ते दाण्याचे तुकडे आहेत, पंख्याने सालीबरोबर ओढून फेकलेले. पोत्यात हात घालून बघा, दिसतील. १० किलोला १५० ग्रॅम म्हणजे १०० किलोला दीड किलो. दाणा १२० रुपये किलो धरला तर १०० किलोमागे १८० रुपये फुकट गेले. रोज १०० किलो आणि महिन्याला २५ दिवस काम असेल तर महिन्याला साडेचार हजार. हा तोटा वहीत कुठे दिसत नाही, म्हणून मी एवढं सांगते आहे. चांगल्या मशीनला पंख्याची हवा कमी-जास्त करायची झडप असते. ती आहे का विचारा आणि हवा कमी करून पुन्हा चालवायला लावा.

"९५ टक्के साल निघतं" असं सगळेच म्हणतात. तपासायचं कसं? बाहेर आलेल्या ढिगाच्या तीन वेगळ्या जागांहून मूठभर दाणे घ्या, त्यातले २०० मोजा आणि साल असलेले वेगळे काढा. दहा निघाले तर ९५ टक्के बरोबर. तीस निघाले तर ८५ टक्के. तेवढ्याने मशीन टाकाऊ ठरत नाही, फट थोडी कमी करून बघता येते, पण फट कमी केली की चुरा वाढतो. तो वाढून किती होतो ते तोलून बघा. साल आणि चुरा यांच्यामध्ये कुठे थांबायचं हे तुम्ही काय विकता त्यावर आहे. आम्ही चिक्कीवाले, आम्हाला चुरा परवडत नाही. साल राहिलेले दाणे आम्ही बाजूला काढून पुन्हा एकदा फिरवतो.

मशीन हाताळून बघा

दाण्याला लागणारा सगळा भाग, म्हणजे नरसाळं, चाळणी, घसरण, स्टेनलेस स्टीलचा हवा. बाहेरच्या सांगाड्याला रंग असला तर चालेल. आतल्या पत्र्याला रंग दिला असेल तर तो सहा महिन्यांत खरवडून आपल्या चिक्कीत येईल. खूप जणी लोहचुंबक लावून बघतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील, असं समजतात. ते अर्धंच खरं आहे. खाद्यपदार्थांसाठी चांगलं मानलं जाणारं ३०४ नंबरचं स्टील चुंबकाला सहसा चिकटत नाही, पण स्वस्तातलं २०२ नंबरचंही चिकटत नाही. म्हणून स्टीलचा नंबर कोटेशनवर आणि बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो काचकूच करतो, त्याचं उत्तर त्यातच आलं.

रोलर हाताने फिरवून बघा. एका टोकाला फट जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, असं नको. फट लावायचे स्क्रू दोन्ही बाजूंना असतात, ते सारखे फिरवावे लागतात. मेकॅनिककडून स्वतः शिकून घ्या, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ करून ठेवा. रोलर झिजतो. तो बदलायला किती पैसे, कुठे मिळतो, किती दिवसांत येतो, हे मशीन घ्यायच्या आधी विचारायचं. रबराचा रोलर असेल तर वापरायच्या आधी वास घेऊन बघा. रबराला उग्र वास येत असेल तर दाण्याला तो लागतो. खरखरीत रोलरच्या पृष्ठभागाचे कण सुटतात का ते बोट जोरात घासून पाहा. ते कण खाली चिक्कीत गेले तर गिऱ्हाइकाच्या दाताखाली येतील.

पट्ट्यावर आणि बेअरिंगवर नंबर छापलेला असतो. पट्ट्यावर बी ५२, बेअरिंगवर ६२०५, असा काहीतरी. तो वहीत लिहून घ्या आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो का बघा. नेहमीचा नंबर असेल तर मशीन दुसऱ्या दिवशी सुरू होतं. कंपनीचाच खास भाग लागत असेल तर ऐन दिवाळीत कुरियरची वाट बघत बसावं लागतं.

आतली साफसफाई हा विषय विकणारा कधी काढत नाही. चाळणी निघते का? रोलरच्या खाली हात, नाहीतर ब्रश पोचतो का? पान्याशिवाय झाकण उघडतं का? शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. मशीनच्या कोपऱ्यात राहिलेला चुरा काही दिवसांत खवट होतो आणि मग ताज्या मालाला तो वास लागतो. वर उंदीर आणि किडे. साफ करता येत नाही असं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

वीज आणि पदर

मोटर सिंगल फेजची की थ्री फेजची, हे पहिल्याच फोनवर विचारा. गावठाणात बहुतेक ठिकाणी सिंगल फेज असतं. एक ते दोन हॉर्सपॉवरची मोटर सिंगल फेजवर चालते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे एक हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भारावर तासभर चालली की साधारण एक युनिट जातं. पंख्याला वेगळी मोटर असेल तर ती त्यात मिळवा. घरगुती मीटरवर धंदा चालवायचा नसतो. महावितरणच्या शाखेत विचारून योग्य जोडणी घ्या, आणि आर्थिंग करून घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नका. संध्याकाळी दाब कमी असतो, मोटर गुरगुरते आणि तापते, अशा वेळी थांबा.

आपण साडीत काम करतो. मशीनच्या पट्ट्यावर जाळी किंवा पत्र्याचं झाकण हवंच हवं. मेकॅनिक दुरुस्तीला ते काढतो आणि "राहू द्या, पुढच्या वेळी सोपं जाईल" म्हणून बाजूला ठेवतो. लगेच बसवून घ्या. पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या काढलेल्या, मंगळसूत्र पोलक्याच्या आत. बंद करायचं बटण बसल्या जागी हाताला लागलं पाहिजे. मशीनच्या मागे वाकून स्विच बंद करावा लागत असेल तर तो पुढे घ्यायला लावा. त्याला फार खर्च येत नाही.

सालीची धूळ बारीक असते, खोकला होतो. पंख्याचं तोंड खोलीच्या बाहेर काढा किंवा त्याला मोठं सुती पोतं बांधा. मशीनवर बसणारीने तोंडाला फडकं किंवा मास्क लावायचा. ज्यांना दमा आहे त्यांना हे काम देऊ नका, त्यांना पॅकिंगला घ्या.

साल निघाल्यावर दिसतं ते

मशीनचा एक फायदा कुणी सांगत नाही. लाल साल निघालं की दाण्याचा खरा रंग दिसतो. काळा डाग, पिवळट-तपकिरी पाकळी, सुरकुतलेला दाणा, आत हिरवट बुरशी हे सालीखाली लपलेलं असतं. दाणे ओलसर राहिले की त्यात बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक आहे. भाजल्याने ते थोडंफार कमी होतं, पण पूर्ण जात नाही. साल काढून खराब दाणे वेचून टाकणं हा त्यावरचा ओळखीचा उपाय आहे, मोठ्या कारखान्यांतही हेच करतात, फक्त तिथे वेचायला कॅमेऱ्याचं मशीन असतं. आपल्याकडे डोळे आहेत.

म्हणून मशीनच्या खर्चात एक वेचणीचं टेबल आणि वरती चांगला पांढरा दिवा धरा. दोघी समोरासमोर बसून वेचतील असं. आणि वेचून काढलेले खराब दाणे कुटात घालायचे नाहीत, "चटणीत तिखटाखाली कळत नाही" असं म्हणायचं नाही. घाण्याला द्यायचे नाहीत. म्हशीलाही घालायचे नाहीत, कारण ते विष दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात. पुरून टाका. किलो-दीड किलो माल फेकताना जीव तुटतो, हे मला माहीत आहे.

चांगल्या सालीचं खत होतं, शेणात मिसळून टाका.

पैसे, बिल, अनुदान

कोटेशन तीन ठिकाणांहून घ्या. राजकोट, अहमदाबाद, कोईमतूर इथे अशी मशीन बनवणारे खूप आहेत, आपल्याकडेही पुण्यात, कोल्हापुरात मशीन बनवणारे आहेत. लांबून मागवलं तर वाहतूक, उतरवणं, बसवून देणं, शिकवणं कुणाच्या पैशात, हे लिहून घ्या. वॉरंटी मोटरची किती, मशीनची किती, आणि मेकॅनिक गावापर्यंत येतो का, की मशीन उचलून न्यावं लागतं? सगळे पैसे आधी देऊ नका. काही आगाऊ द्या, काही माल निघताना, आणि शेवटचा हप्ता आपल्या शेडमध्ये, आपल्या दाण्यावर चालवून बघितल्यावर. विकणारा कुरकुर करतो, पण तयार होतो. बिल गटाच्या नावाने, जीएसटी नंबरासह, मशीनचा नंबर लिहिलेलं हवं.

अनुदानासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना आहे, ती २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात बँक कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे, वैयक्तिक उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सदस्येसाठी ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही तरतूद आहे, खेळत्या भांडवलाला आणि लहान अवजारांना. अर्ज करण्याआधी मुदत आणि अटी तालुका कृषी कार्यालयात किंवा जिल्हा संसाधन व्यक्तीकडून पक्क्या करून घ्या. दोन गोष्टींत मात्र आपल्या बायका फसतात. एक, अनुदान रोख हातात पडत नाही, ते बँकेत कर्जखात्याशी जोडून जमा होतं, त्यामुळे सुरुवातीचा हप्ता पूर्ण कर्जावर भरायची तयारी हवी. दुसरं, कर्ज मंजूर व्हायच्या आधीच मशीन घेऊन मोकळं झालं तर नंतर ते अनुदानात बसवणं अवघड जातं. आणि अनुदान मिळतंय म्हणून मोठं मशीन घेऊ नका. ३५ टक्के कुणीतरी दिले तरी ६५ टक्के आपलेच आहेत.

रोज ४० किलोपेक्षा कमी काम असेल तर आणखी एक मार्ग बघा. दोन-तीन गटांनी मिळून ग्रामसंघाच्या नावावर एक मशीन घ्यायचं, किलोमागे ठरावीक दर लावायचा. आमच्या ग्रामसंघात आता तसंच चालतं. मशीनवर बसणाऱ्या दोघींना त्यातून मजुरी मिळते, उरलेलं रोलर-पट्ट्याच्या खर्चाला बाजूला ठेवतो. सुरुवातीला भांडणं झाली, दिवाळीत आधी कुणाचा माल घ्यायचा यावरून. मग ठरवलं की ज्याने दाणे चाळून, गार करून आणले त्याचा नंबर आधी. गरम दाणे घेऊन येणारीला थांबावं लागतं. तेव्हापासून कुणी गरम दाणे आणत नाही.

मशीनजवळ एक वही टांगून ठेवलीय. तारीख, कुणाचा माल, किती किलो आत, किती बाहेर, साल किती, मशीन किती वेळ चाललं. सालीचं वजन एकदम वाढलं की हवेची झडप कुणीतरी हलवली हे त्याच दिवशी कळतं. कुणाला वही बघायची असेल किंवा आपले दाणे फिरवून बघायचे असतील तर प्रभागसंघाच्या कार्यालयात नाव द्या. पुढच्या बैठकीच्या दिवशी, दुपारी दोननंतर, मशीन चालू ठेवणार आहोत. दाणे आपापले आणा. भाजून, गार करून.